उभे राहणारे पाकीट : काय राखते, काय राखत नाही

उन्हाळ्यात आमच्या अष्टमीच्या वस्तीतील बचत गटाच्या महिलांनी तीन वस्तू विक्रीला काढल्या. घरचा लाल मसाला, सोडे आणि नाचणीचे सत्त्व. नेहमीच्या साध्या पिशवीत न भरता त्यांनी होलसेल दुकानातून उभी राहणारी पाकिटे आणली. समोरून पारदर्शक, वर झिप, खाली पसरट बूड. दुकानाच्या फळीवर पाकिटे कंपनीच्या मालासारखी ऐटीत उभी राहिली. सगळ्यांना आनंद झाला.

पाऊस सुरू झाला आणि महिन्याभरात तक्रारी आल्या. मसाल्याचा रंग उतरला होता, सत्त्वात गुठळ्या झाल्या होत्या, सोड्यांना खवट वास येत होता. दुकानदाराने माल परत दिला. गटातील प्रत्येकीचे पैसे अडकले. वर्षावासात संध्याकाळी विहारातील ग्रंथवाचन आटोपल्यावर हा विषय निघाला. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, पाकीट तर शेवटपर्यंत ताठ उभं होतं. मग आतलं का खराब झालं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देता देता आमच्या लक्षात आले की हे पाकीट आज आपल्या प्रत्येक घरात आहे. बाळाचा आहार, मसाला, चिप्स, हात धुण्याचे लिक्विड, कपडे धुण्याचे लिक्विड, सगळे त्यातच येते. ते कशाचे बनते, ते कशापासून राखण करते आणि रिकामे झाल्यावर त्याचे काय करावे, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून या वेळचे आरोग्य पान या पाकिटासाठी.

ते उभे कसे राहते?

साधी पिशवी दोन पापुद्र्यांची असते, पुढचा आणि मागचा. उभ्या पाकिटात तिसरा पापुद्रा असतो. तो बुडाशी आतल्या बाजूला दुमडून बसवलेला असतो. पाकीट रिकामे असताना ही घडी मिटलेली असते. माल भरला की त्याच्या वजनाने घडी उघडते, बूड लांबट गोल होते आणि पाकीट आपल्याच ओझ्यावर उभे राहते. फ्रान्समधील थिमोनिए या कंपनीचे लुई डोयेन यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ही रचना काढली. गंमत अशी की ही कंपनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते बार्थेलेमी थिमोनिए हे शिलाई यंत्राच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक शिंपी होते. कापड जोडण्याऐवजी पुढे प्लास्टिक जोडणे आले, इतकेच.

घरातले एखादे रिकामे पाकीट घ्या आणि बुडाची घडी उघडून दोन्ही कोपरे पाहा. तिथे बहुतेक पाकिटांत बोटाच्या नखाएवढी गोल किंवा अर्धगोल खूण दिसेल. बुडाच्या पापुद्र्याला तिथे मुद्दाम भोक पाडलेले असते, म्हणजे पुढचा आणि मागचा पापुद्रा त्या भोकातून एकमेकांना चिकटतात. असे केले नाही तर कोपरे सुटे राहतात आणि पाकीट डुलते.

याच भागात पाकिटाचे दुखणेही असते. बाजूच्या कडेला खालच्या भागात चार पदर एकत्र असतात आणि थोडे वर दोनच. चारांचे दोन जिथे होतात, त्या जागी चिकटवताना बारीक फट राहू शकते. तेल किंवा लिक्विड गळाले तर ते बहुतेक वेळा याच ठिकाणाहून. तेव्हा विकत घेताना नुसते वरचे तोंड न बघता बुडाच्या कडाही चाचपून बघाव्यात.

एक पाकीट, तीन-चार थर

बाहेरून एकच कागद वाटतो, पण तो वेगवेगळ्या पदार्थांचे थर चिकटवून केलेला असतो. प्रत्येक थराला वेगळे काम दिलेले असते.

सर्वांत बाहेरचा थर सहसा पॉलिएस्टरचा. त्याला पेट म्हणतात. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, तेच हे, फक्त ताणून पातळ केलेले. त्याची जाडी साधारण 12 मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हा थर ताठ, चिवट आणि उष्णता सोसणारा. चांगल्या पाकिटात छपाई याच्या आतल्या अंगाला करतात, त्यामुळे शाई दोन थरांच्या मध्ये अडकते. ती हाताला लागत नाही आणि अन्नालाही लागत नाही.

मधला थर हा पहारेकरी. हवा, वास आणि उजेड अडवणे हे त्याचे काम. तो अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा असेल किंवा प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून केलेला असेल. आमच्या गटाने आणलेल्या पारदर्शक पाकिटात हा थर नव्हताच.

सर्वांत आतला थर पॉलिथिनचा. अन्नाला हाच लागतो आणि पाकीट चिकटते तेही यानेच. पॉलिथिन सुमारे 110 अंशांच्या आसपास वितळते, तर बाहेरचा पेट 250 अंशांच्या पुढे. म्हणून सीलिंग मशीनची तापलेली पट्टी दाबली की आतले दोन पापुद्रे वितळून एक होतात आणि बाहेरचा थर जागच्या जागी राहतो. पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवते. हवा आणि वास मात्र त्यातून आरपार जातात.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत सुकट गच्च बांधून ठेवली तरी घरभर वास येतो. आतला वास ज्या वाटेने बाहेर येतो, त्याच वाटेने बाहेरची हवा आत जाते.

रुपेरी दिसते ते सगळे फॉइल नसते

बाजारात दोन प्रकारचे रुपेरी पाकीट मिळते आणि दुकानदार दोन्हींना सिल्व्हर पाउच म्हणतो. एकात खरी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असते, साधारण 9 मायक्रॉन जाड. दुसऱ्यात धातूचा मुलामा असतो, तो एका मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढाच. त्याला मेटलाइज्ड म्हणतात. चिप्सचे पाकीट हे असेच.

ओळखण्यासाठी दोन घरगुती परीक्षा आहेत. पहिली, पाकिटाचा तुकडा मुठीत चुरगळून सोडा. फॉइल असेल तर तो चुरगळलेलाच राहतो, मुलामा असेल तर पुन्हा उलगडू पाहतो. दुसरी, अंधारात त्यामागे मोबाईलची बॅटरी धरा. मुलाम्याच्या पाकिटातून अंधूक उजेड येतो, फॉइलमधून येत नाही.

फॉइल राखण अधिक चांगली करते, पण महाग पडते आणि वारंवार घड्या पडल्या की तिला बारीक भेगा जातात. कोरड्या मसाल्याला आणि सोड्यांना चांगले मेटलाइज्ड पाकीटही पुष्कळ काळ पुरते.

आजकाल तपकिरी कागदाची, मध्ये खिडकी असलेली पाकिटेही दिसतात. ती कागदी वाटतात, पण आतून त्यांनाही प्लास्टिकचा थर असतो. खिडकीतून उजेड आत जातोच. "कागदी आहे, म्हणजे चुलीत घातले तरी चालेल" हा समज चुकीचा आहे.

मग आपला माल का बिघडला?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. कोरड्या अन्नाचे शत्रू तीन : ओल, हवा आणि उजेड. पाकीट ताठ उभे राहणे ही बुडाच्या घडीची करामत आहे. या तीन शत्रूंना अडवणे हे थरांचे काम आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

मसाल्याचा लाल रंग उजेडाने आणि हवेने उतरला, कारण पाकीट पारदर्शक होते आणि दुकानाच्या पुढच्या फळीवर होते. सोड्यांतील चरबीला हवा लागली की ती खवट होते, उजेड ही क्रिया वाढवतो. सत्त्वाचे कारण आणखी वेगळे होते. पाकिटे नुसती झिप दाबून बंद केली होती, वरून गरम सील मारले नव्हते. झिप ही उघडल्यानंतरच्या सोयीसाठी असते. तिच्या खाचेत पिठाचे दोन कण अडकले तरी ती पूर्ण बसत नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कुंडलिका फुगलेली असते, भिंतींना ओल येते. एवढ्या दमट हवेपुढे नुसती झिप टिकत नाही.

यात फक्त पैशांचा प्रश्न नाही. ओल लागलेल्या पिठात, शेंगदाण्यात, मिरचीत बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे आणि शिजवल्याने पूर्ण जात नाही. बाळासाठी घेतलेल्या सत्त्वाला बुरशीचा वास येत असेल तर ते चाळून, भाजून वापरू नका. टाकून द्या.

म्हणून गटाने आता असे ठरवले आहे. मसाला आणि सोडे रुपेरी पाकिटात. नाचणीचे सत्त्वही रुपेरी पाकिटात, पण लहान मापात, म्हणजे उघडल्यावर लवकर संपेल. पेणचे पोह्याचे पापड आपल्या भागात प्रसिद्ध आहेत. तसे कडक वाळवलेले पापड लवकर खपणार असतील तर पारदर्शक दोन थरांच्या पाकिटात चालतात, कारण त्यांना मुख्य भीती ओलीची. तेलातले लोणचे मात्र बरणीतच. तेल आणि आंबट दोन्ही एकत्र आले की कमी प्रतीचे पाकीट कडेला सुटू लागते.

सील मारतानाची काळजीही महत्त्वाची आहे. माल भरताना तोंडाला मसाला किंवा तेल लागले तर तिथे दोन पापुद्रे नीट चिकटत नाहीत. भरताना कागदाचा किंवा स्टीलचा नरसाळा वापरा, तोंड कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा, सुरकुती पडू देऊ नका. माल गरम असताना कधी भरू नका, आत वाफ धरते. प्रत्येक घाण्यातील दोन-तीन पाकिटे बादलीभर पाण्यात बुडवून हाताने दाबून पाहा. बुडबुडा आला तर सील कच्चे आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि दुकानदाराकडून माल परत येण्यापेक्षा कितीतरी बरी.

फुगलेले पाकीट : कधी चालते, कधी धोका

चिप्सचे पाकीट फुगलेले असते. त्यात मुद्दाम नायट्रोजन वायू भरलेला असतो, म्हणजे तेल खवट होत नाही आणि चिप्स मोडत नाहीत. तिथे फुगणे हे चांगले लक्षण आहे.

ओल्या अन्नाच्या बाबतीत अगदी उलटे. शिजवलेली डाळ, भाजी, ताक, फळांचा गर, बाळाचे ओले अन्न यांचे बंद पाकीट फुगले असेल, तर आत जंतू वाढून वायू झाला आहे असे समजावे. चाखून पाहू नका, उकळून वापरू नका. दुकानदाराला परत करा किंवा मुलांच्या हाती लागणार नाही असे फेका.

काही जण विचारतात, बाजारात डाळ-भाजीची तयार पाकिटे फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतात ती कशी? त्यांना रिटॉर्ट पाउच म्हणतात. त्यात पेट, फॉइल आणि आत पॉलिथिनऐवजी पॉलिप्रॉपिलिन असते. अन्न भरून सील केल्यावर पूर्ण पाकीट कुकरसारख्या मोठ्या यंत्रात, दाबाखाली, साधारण 121 अंशांना ठरावीक वेळ तापवतात. एवढ्या उष्णतेत पॉलिथिन वितळले असते, म्हणून आतला थर बदललेला असतो. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी अशी पाकिटे विकसित केली आणि पुढे हे तंत्र बाजारात आले.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. घरी फॉइलच्या पाकिटात भाजी भरून, हवा काढून सील मारली म्हणजे रिटॉर्ट झाले असे नाही. बोट्युलिझम नावाची विषबाधा करणाऱ्या जंतूचे बीज साध्या उकळण्याने मरत नाही आणि ते वाढते नेमके हवा नसलेल्या जागी. तिच्यात नसा लुळ्या पडतात, श्वास बंद पडू शकतो. बचत गटाने ओले अन्न पाकिटात भरून विकण्याचा विचार प्रशिक्षण आणि तपासणीशिवाय करू नये.

पाकीट उघडले की पहारा संपला

पाकिटावर लिहिलेली मुदत बंद पाकिटाची असते. कात्री लावली की भिंतीला दार पडले. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरी न्यायच्या आहाराचे पाकीट असो की दुकानातले बाळाचे अन्न, उघडल्यावर ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काढा किंवा हवा दाबून काढून झिप नीट बसवा. चमचा पूर्ण कोरडा हवा. उकळत्या भांड्यावर पाकीट धरून पीठ टाकू नका, वाफ सरळ आत जाते.

ओआरएसची पुडी फॉइलची असते, त्यामागेही हेच कारण. साखर आणि मीठ दोन्ही हवेतील ओल ओढतात. प्रमाण पुडीवर लिहिलेले असते. एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवा. अर्धी पुडी ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर मापही चुकते आणि ओलही लागते. तयार केलेले पाणी 24 तासांनंतर ओतून द्या.

पाकिटात कधी कधी छोटी पुडी निघते. तिच्यात ओल शोषणारे सिलिका जेल किंवा हवा शोषणारी लोखंडाची पूड असते. ती खायची नाही. लहान मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून पाकीट उघडताच काढून टाका.

रिकाम्या पाकिटाचा पुन्हा वापर

चांगले झिपचे पाकीट फेकायला आपल्याला जीवावर येते, ते बरोबरच आहे. अन्नाचे पाकीट स्वच्छ, कोरडे असेल तर त्यात बटणे, औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड, आधारकार्ड खुशाल ठेवा. पुरात कागदपत्रे भिजत नाहीत. कोरडे कडधान्यही थोडे दिवस चालेल. पण खालच्या चार गोष्टी करू नका.

गरम पदार्थ भरू नका. उकळता चहा, गरम डाळ, तळलेले पदार्थ यांनी आतला थर मऊ होतो आणि त्यातील द्रव्ये अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमधून किती द्रव्य उतरले तर चालेल याची मर्यादा कायद्याने ठरवली आहे. अन्न सुरक्षा व मानके (वेष्टन) विनियम 2018 प्रमाणे ती एक किलो अन्नामागे 60 मिलिग्रॅम आहे. पण कंपनीने ते पाकीट ज्या पदार्थासाठी तपासले, त्या पदार्थासाठीच ही हमी असते. मसाल्याचे पाकीट उकळत्या चहासाठी कोणी तपासलेले नसते. याच नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायलाही मनाई केली आहे, कारण शाई तेलात उतरते. वडापाव घेताना हे आठवा.

पाकीट उलटे करून वापरू नका. बाहेरची बाजू अन्नासाठी नसते.

अन्नाच्या पाकिटात रॉकेल, फिनाईल, उंदराचे औषध किंवा फवारणीचे औषध ठेवू नका. पाकिटावर बिस्किटाचे चित्र असेल तर लहान मूल ते बिस्किटच समजणार. हात धुण्याच्या आणि फरशी पुसण्याच्या लिक्विडची तोटीवाली पाकिटे तर फळांच्या रसाच्या पाकिटासारखीच दिसतात. ती अन्नापासून वेगळी आणि उंचावर ठेवा. चुकून मुलाच्या पोटात काही गेलेच तर उलटी करवू नका. पाकीट हातात घेऊन लगेच दवाखाना गाठा, म्हणजे डॉक्टरांना काय गेले ते कळते.

आणि कारखान्यातून आलेली पिशवी, लायनर किंवा ड्रम धान्यासाठी, पाण्यासाठी वापरू नका. आपल्यापैकी अनेकजण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसपास कामाला जातात. जाड, मजबूत पिशवी दिसली की घरी आणावीशी वाटते. पण रसायन धुऊन पूर्ण जात नाही, प्लास्टिकने ते शोषलेले असते.

चुलीत नको

पावसात लाकडे ओली असतात. चूल लवकर पेटावी म्हणून रिकामे पाकीट खाली सारायची सवय वस्तीत बऱ्याच घरांत आहे. आम्हीही हे केले आहे. पाकीट भुर्रकन पेटते, कारण पॉलिथिन हे शेवटी खनिज तेलातूनच आलेले.

पण मोकळ्या आगीत ते अर्धवट जळते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बारीक काजळी, बेंझिनसारखी कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये निघतात. त्यात पीव्हीसीचा तुकडा मिसळला तर आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन तयार होते. धूर जातो तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातील चुली आणि शेगड्यांच्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. हा आकडा मुख्यतः लाकूड, कोळसा, शेणी आणि रॉकेलच्या धुराचा आहे. त्यात आपण प्लास्टिकची भर घालायची का, हा विचार करा.

उघड्यावर कचरा जाळणे गुन्हाही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 च्या आदेशात त्यासाठी 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला. चूल पेटवायला सुकी करवंटी, नारळाची सोडणे, वाळलेल्या झावळ्या पावसाआधी भरून ठेवाव्यात. आपल्या भागात त्यांना तोटा नाही.

भंगारवाला ते का घेत नाही?

दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, पाण्याची बाटली घेतो. उभे पाकीट आणि चिप्सचे पाकीट घेत नाही. दुधाची पिशवी फक्त पॉलिथिनची असते. वितळवली की पुन्हा पॉलिथिन मिळते. पाकिटात मात्र पेट, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिथिन गच्च चिकटलेले असतात. ज्या थरांमुळे अन्न टिकते, त्याच थरांमुळे पाकीट पुन्हा वापरात येत नाही. असा माल बराचसा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो किंवा कचराभूमीत पडून राहतो. हल्ली काही कंपन्या सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करू लागल्या आहेत. अशी पाकिटे वाढली तर भंगारात त्यांना भाव येईल.

जे पाकीट गटारात जाते, ते पावसात पाणी तुंबवते. तुंबलेल्या पाण्यात डास होतात, ते पाणी घरात शिरते. आणि गटारात हात घालून ते बाहेर काढणारा माणूस कोण असतो? कचराभूमीवर उन्हात ते वेगळे करणारी बाई कोणाच्या घरातली असते? बहुतेक वेळा आपल्याच समाजातली, आपल्याच नात्यातली. आपल्या घरातून निघालेले पाकीट धुऊन, वाळवून, सुक्या कचऱ्यात वेगळे देणे ही तिच्यासाठी केलेली छोटी पण खरी मदत आहे. कोपरा कापून वेगळा टाकू नका, तो तुकडाच सर्वांत आधी गटारात जातो. अर्धवट कापून पाकिटालाच लटकता ठेवा.

जबाबदारी एकट्या आपली नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम 2016 प्रमाणे पाकिटात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तो कचरा गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी बहुस्तरीय पाकिटांचा वेगळा गट करून ती अधिक स्पष्ट केली. वस्तीत घंटागाडी येत नसेल, सुका कचरा वेगळा घेत नसेल, तर नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करा. एकट्याने नाही, महिला मंडळाच्या नावाने, पंचवीस सह्यांनिशी, आणि पोच घेऊन.

घेण्याआधी उलटून वाचा

पाकीट अन्न टिकवते, अन्नाला पौष्टिक करत नाही. पुढच्या बाजूला फळांचे चित्र असते, खरी माहिती मागे असते. तिथे एफएसएसएआयचे चिन्ह आणि 14 आकडी क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत आणि घटक पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल तर ते मुलाचे 'शक्तीचे पेय' म्हणजे मुख्यतः साखरच आहे. शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. आमच्या गटालाही विक्रीसाठी अशी नोंदणी लागली, आणि आता त्यांच्या पाकिटावरही क्रमांक आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. ताठ उभे राहणे म्हणजे आतला माल सुरक्षित असणे नव्हे. थर आणि सील पाहा.
2. ओल्या अन्नाचे फुगलेले पाकीट कधीही खाऊ नका.
3. झिपवर विसंबू नका. विक्रीच्या मालाला गरम सील हवेच.
4. उघडलेल्या पाकिटातील अन्न कोरड्या डब्यात काढा आणि लवकर संपवा.
5. गरम पदार्थ, रॉकेल आणि औषधे अन्नाच्या पाकिटात नकोत.
6. पाकीट चुलीत नको, गटारात नको. धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या.

गटाने नव्या पाकिटात भरलेला मसाला आम्ही मुद्दाम दोन महिने घरी ठेवून परवा उघडला. रंग तसाच लाल होता आणि झाकण काढताच सगळ्यांना शिंका आल्या. वहिनी हसून म्हणाल्या, "आता पाकीट उभं राहिलं नाही तरी चालेल." पण तेही ताठ उभेच होते.

सर्वांना सप्रेम जयभीम.